आपलेपणा वाढवण्याची बैठक

माणसाला कुठेतरी आपलं वाटावं लागतं. आणि ते वाटतंय की नाही हे त्याचं त्याला कळत नाही, म्हणून समिती लागते. आमच्या विद्यापीठाने देवाधर्माचं करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशी समिती नेमली, ही भूषणाची गोष्ट आहे. मी तिचा सचिव. सदस्य नऊ. पैकी सात जण देव मानत नव्हते (म्हणजे निःपक्षपाती) आणि उरलेले दोघे एकमेकांचा देव मानत नव्हते (म्हणजे अभ्यासू).

रसायनशास्त्राची एक मुलगी रोज दुपारी जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या आड, दहा मिनिटं प्रार्थना करायची. कुणाला तिचा त्रास नव्हता, तिला कुणाचा नव्हता. समितीच्या दृष्टीने हे फारच गंभीर होतं. एवढं समाधान न मोजता नुसतं पडून होतं!

तिला ताबडतोब विद्यार्थी-प्रतिनिधी करण्यात आलं. बैठका दुपारच्याच.

"सर, त्याच वेळेला माझी प्रार्थना असते हो," ती म्हणाली.

"अगं वेडे, त्यासाठीच तर बैठक आहे!" अध्यक्ष मायेने म्हणाले.

जिन्याखालची जागा धार्मिक भावनांना कमीपणा आणणारी ठरल्यामुळे तिथे जाळी ठोकून कुलूप घातलं. बदल्यात 'सर्वधर्म शांतिकक्ष' आला. कुणालाच खटकू नये म्हणून त्यातून चित्रं, दिवा आणि चटई काढली. मग जमिनीवर बसणंही एका बाजूचं वाटायला लागलं, म्हणून खुर्च्या मांडल्या. खुर्च्या आल्या म्हटल्यावर समिती तिथेच बसू लागली. आपलेपणा चौसष्ट टक्क्यांवरून एक्क्याण्णववर गेला (उरलेले नऊ टक्के चहा गार मिळाल्याने नाराज).

एके दिवशी ती भर बैठकीत उठली. "मला फक्त दहा मिनिटं द्या ना, सर! आई रोज फोनवर विचारते, प्रार्थना केलीस का म्हणून. मी रोज खोटं बोलते तिच्याशी." आणि हमसून हमसून रडायला लागली. मलाही भरून आलं. मी इतिवृत्तात 'भावनिक सहभाग उत्तम' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात ती दाखला काढून घरी गेली. चहा एव्हाना गरम मिळू लागला होता, असमाधानी असं कुणी उरलंच नाही, त्यामुळे समाधान शंभर टक्के भरलं.

मागे वळून पाहता, एवढ्या बैठकांत आम्ही तिला मनापासून असा एकच प्रश्न विचारला : पोरी, तू नेमकी कुठल्या धर्माची? तुम्हीही मघापासून तेच ताडत बसलाय ना? मग या की, समितीत एक जागा रिकामी आहे.