पत्रातली हत्तीण

"आक्कासाहेबांचं पत्र आलं! मोतीकळी खुशाल आहे!" राजेसाहेब दौलतरावांनी कुंकू लावलेला कागद साऱ्या घराला दाखवला. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, पालख्या गेल्या, राजेसाहेब इंदुरात पोलोग्राउंडमागे भाड्याच्या बंगल्यात आले. पण वडिलांची हत्तीण मोतीकळी थोरल्या बहिणीबरोबर, आक्काबरोबर, बुऱ्हाणपूरला आंदण गेलेली, म्हणून तेवढी वाचली. आक्का तिच्यावर बसून सासरी गेली, तशीच लग्न ठरलेली आपली लेक इंदिराही जावी, एवढी एकच हौस त्या माणसाला उरली होती. वेड म्हणा हवं तर!

"पण आणते म्हणून कुठं लिहिलंय?" राणीसाहेब कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"खुशाल आहे म्हणजे येणारच! आक्का काय तिला घरी ठेवून येतील?"

झालं! त्यांनी व्याह्यांना कळवून टाकलं आणि व्याह्यांनी गावभर केलं. मग हत्तीण बांधायची कुठं? राजेसाहेब शेजारच्या कारखानदार शंकररावांकडे गेले.

"शेड तर खाली करून देतो, राजेसाहेब," शंकरराव म्हणाले, "लेकिन मशीनच्या आवाजानं बिदकली तर?"

"तर मशीन बंद ठेवा!"

कारखाना बंद. फाटकाची कमान आड येत होती, ती पाडली. कमान घरमालकाची होती. तो जे बोलला ते लग्नघरात सांगण्यासारखं नाही. हातोदहून गाडीभर ऊस आला. आणि बुऱ्हाणपूरला पत्रावर पत्र चाललं होतं, "मोतीकळी निघाली का?" उत्तर ठरलेलं, "मोतीकळी खुशाल. काळजी नसावी."

लग्नाच्या सकाळी आक्कासाहेब टांग्यातून एकट्याच उतरल्या. दौलतराव त्यांच्या पाया पडले, पण नजर रस्त्यावरच.

"मोतीकळी मागून येतेय ना?"

आक्कांनी त्यांचा हात धरून मांडवामागे उसापाशी नेलं. "गेली रे ती, दौलू. दिवाळीतच गेली."

"मग कळवलं का नाही, आक्का?"

"कुंकू लावलेल्या पत्रात मरणाची बातमी घालत नाहीत, आईसाहेबांनी शिकवलंय ना आपल्याला? आणि तू मेल्या, दर पत्राला कुंकू लावून विचारायचास, मग उत्तरालाही कुंकू आलंच! एखादं साधं कार्ड तरी टाकायचंस रे!"

संस्थान गेलं तेव्हा दौलतरावांनी हसत सही केली होती. आता मात्र उसाच्या भाऱ्यावर बसून दोघं भावंडं हमसून हमसून रडली. वडिलांच्या घरातलं शेवटचं माणूस गेल्यासारखं त्यांना झालं होतं.

आवाज मांडवात गेला. बायकांना वाटलं, पाठवणी सुरू झाली. नवरी अजून बोहल्यावर चढली नव्हती, तरी त्यांनी इंदिरेला मिठ्या मारून गळे काढले. व्याही प्रतापराव धावत मागे आले.

"राजेसाहेब, अहो, अक्षता पडायच्यात अजून! पाठवणीचं रडणं आत्ताच?"

दौलतरावांनी डोळे पुसले. मंगलकार्यात मरणाची बातमी आता तेही कशी देणार?

"आमच्या घराण्याची रीत आहे," ते म्हणाले.

"असं होय!" म्हणत प्रतापराव परतले. रीतीभातीत आपण कमी पडायला नको, म्हणून त्यांनी वरमाईसकट आपल्याकडच्या सगळ्या बायकांना रडायला बसवलं.