सात नंबरचा फडका

आधीच सांगून ठेवतो, त्या दिवशी मुरुमच्या रस्त्यावर माझ्याइतकं जोरात कुणीच पळत नव्हतं! खोटं वाटत असेल तर माझ्या मागं राहिलेल्यांना विचारा.

मी श्रीपती, दूध सोसायटीचा कारकून. शहाऐंशीच्या दुष्काळात म्हशी आटल्या, मला काम उरलं न्हाय, म्हणून सायकलच्या शर्यतींत उतरलो. पहिल्या शर्यतीत चेन पडली. दुसरीत एका एसटीच्या मागं मागं भलत्याच गावात गेलो. तिसरी मात्र पुरी केली! पोचलो तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं. त्यांनी मलाच एक बांबू धरायला लावला.

बायको गिरिजा वैतागली. "दोन मैलांवरनं डोक्यावर पाणी आणून माझी मान मोडली. त्या सायकलीला घागरी बांधा!"

"अगं, नवरात्रात मुरुमच्या तालमीची तिहेरी शर्यत हाय. पोहायचं, सायकल मारायची, पळायचं. पहिल्याला नवी कोरी सायकल! ती मला, जुनी तुझ्या पाण्याला."

"आन् न्हाय जिंकला तर?"

"तर पाणी म्या आणीन!"

ती नुसती हसली. ते हसणं मला लई लागलं.

शर्यत सुरू झाली. पोहायच्या विहिरीत पाणी गुडघाभर! पंच तात्याराव म्हणाले, "हात मारल्यासारखं करा आन् पलीकडं जावा." आम्ही चिखलातनं हात मारत चालत गेलो. पुढं सायकलीच्या वाटेवर बाभळीचे काटे. फटाफट सगळ्यांची चाकं बसली. माझ्या टायरात जुन्या टायरचं अस्तर होतं, काट्याचं काही चाललं न्हाय! पळायला लागलो तेव्हा मागं चिटपाखरू नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी पहिला होतो!

एवढ्यात पुढं एक गडी दिसला. हातात पेटती मशाल. तुळजापूरहून देवीची जोत घेऊन आपल्या गावच्या देवळाकडं निघालेला. ही जोत वाटेत थांबवत न्हाईत, भुईला टेकवत न्हाईत, विझू तर देतच न्हाईत.

"पावनं, जरा धरता का?" तो पळता पळता म्हणाला. "म्या बिराप्पा, चिंचवाडीचा. आमच्या पोरांचा टेंपो मागं बंद पडला. एकट्यानं धरून हात पार भरून आलाय. पाय चांगलं हायत! फाट्यापस्तोर धरा."

फाटा माझ्याच वाटेवर होता. घेतली.

फाट्यावर बघतो तर सगळी चिंचवाडी जोतीला सामोरी आलेली! हलगी, संबळ, गुलाल! मी काही बोलायच्या आत पार्वतम्मा नावाच्या म्हातारीनं भरली घागर माझ्या पायांवर ओतली. त्या दुष्काळात! टँकरचं पाणी! मला कसंनुसं झालं.

"आजी, माझी शर्यत हाय वं!"

"असू दे की. ज्याचं पाय धुतलं त्यानंच जोत देवळात न्यायची."

डावीकडं मुरुम, शर्यतीची फीत दोन फर्लांगावर. उजवीकडं चिंचवाडी, दीड मैल. आता घागरभर पाणी ओतलेले पाय घेऊन डावीकडं कुठल्या तोंडानं वळू? पण डोकं चाललं! पाठीवरचा सात नंबरचा फडका सोडून बिराप्पाला दिला.

"पळत जा! पंचाला हा दाखव. म्हणावं, सात नंबर पहिला हाय, देवीच्या कामात अडकलाय, आलोच! थांबू नको कुठं!"

बिराप्पा सुटला. हात मोकळे झालेले, लई पळाला!

मी जोत देवळात पोचवली, नारळ घेतला, धापा टाकत मुरुमात आलो. मांडवात बिराप्पा हारांत गळ्यापर्यंत बुडालेला. शेजारी नवी सायकल!

"अरे, निरोप सांगितला न्हाय व्हय?"

"सांगणारच व्हतो! मधी फीत आली, ती तुटली. तोंड उघडलं तर पेढा कोंबला!"

मी तात्यारावांना गाठलं. "सात नंबर माझा हाय!"

"नंबर तुमचा आसंल. फीत तोडताना आख्ख्या मुरुमानं ह्याला बघितलं. तुमास्नी पळताना कुणी बघितलं?"

"आख्ख्या चिंचवाडीनं!"

"तिथं फीत हुती का?"

मी आशेनं बिराप्पाकडं पाहिलं. तर त्याच्या डोळ्यांत पाणी. "जोत आणली म्हणून आईनंच दिली सायकल!" म्हणाला आणि तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. आता देवीच्या विरोधात तक्रार कुणाकडं करायची? मीही हात जोडले.

घरी गिरिजानं दोन घागरी आणि सुंभाची दोरी पुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी घागरी बांधतोय तोवर बिराप्पा दारात. नवी सायकल हातात धरून चिंचवाडीहून चालत आलेला!

"चालत का रं?"

"मला येत न्हाय की चालवायला. तुमी शिकवा."

"बस मग."

"हिच्यावर? न्हाय बा! पडलो तर खरचटंल हिला. तुमची द्या."