शाफ्टमधली हाक

“ताई, एवढं खरं नका लिहू. लोकं विश्वास ठेवतील,” असं घरकामाला येणारी कांता म्हणाली होती. संचिताने ते मनावर घेतलं नाही. साहित्याने समाज बदलतो, हे ती कॉलेजात शिकली होती. बदललेला कुठे पाहिला नव्हता.

बाळकुमच्या त्यांच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांना मुख्य लिफ्ट बंद होती. त्यांनी सर्व्हिस लिफ्टने यायचं आणि ती चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकायची. एकदा कांता आत चाळीस मिनिटं अडकली, कडेवर संचिताचा आठ महिन्यांचा आर्यन. संचिताने सात तक्रारी लिहिल्या. सेक्रेटरी उत्तमरावांनी सातही वेळा ‘नोंद घेतली आहे’ असं कळवलं.

आठव्या वेळी तिने भयकथा लिहिली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. सर्व्हिस लिफ्टमध्ये अडकून मेलेली बाई भर दुपारी शाफ्टमधून हाका मारते. जो ओ देतो, तो पुन्हा दिसत नाही.

कथा कामवाल्या बायकांच्या ग्रुपवरही पोचली. दुसऱ्या दिवशी एकही आली नाही. तिसऱ्या दिवशी सिंकमधली भांडी बघून कमिटीने ठराव केला: मुख्य लिफ्ट सर्वांना खुली. कांता लिफ्टच्या आरशात केस नीट करत वर आली आणि काम आटपून तशीच खाली गेली.

उत्तमराव तेवढे दुखावले. “आज लिफ्टसाठी भूत, उद्या पार्किंगसाठी आणाल.”

“मग लिफ्ट दुरुस्त करा ना, काका.”

“दुरुस्त करायला ती बिघडलेली पाहिजे. थांबा, जाऊन दाखवतो.”

भर दुपारी ते सर्व्हिस लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं. चौथ्या मजल्याच्या वर खट्‌ असा आवाज झाला.

“अहो, चारशे दोन! मी अडकलोय!”

चारशे दोनने दार लावून घेतलं.

“पाचशे एक! वहिनी!”

पाचशे एकने टीव्हीचा आवाज वाढवला.

संचिताने इंटरकॉमवर वॉचमनला गाठलं. “साईनाथ, उत्तमकाका अडकलेत. वर ये ना.”

“मॅडम, तुमच्या गोष्टीत वॉचमनच पहिला जातो.”

“अरे, ते मी बदलते.”

“बदला. मग येतो.”

भूत तिनेच केलेलं होतं, तिला काय भीती. आर्यनला कडेवर घेऊन ती शाफ्टपाशी गेली.

“संचिता बेटा...” आतून अगदी मायेने हाक आली.

उत्तमराव तिच्याशी असं कधीच बोलले नव्हते. ती पाय न वाजवता घरात आली, कडी घातली आणि ग्रुपवर लिहिलं:

“वाचकहो, कथा पूर्णपणे काल्पनिक आहे. ज्यांच्या घरी लहान मूल नाही, त्यांनी कृपया उत्तमरावांना जरा बघून यावं.”