गच्चीवरची टाकी आणि शहाण्णव जोड्या

आधीच सांगून ठेवतो: यंत्राची चूक नव्हती! आमच्या इमारतीत कुणालाही विचारा, ते उलटंच सांगतील. सांगू देत! ज्यांना साधा फ्यूज बांधता येत नाही, त्यांच्या मताला मी भीक घालत नाही.

द्वारका चौकाजवळची आमची तीन मजली इमारत. बारा बिऱ्हाडं, खाली एक हौद, गच्चीवर एक टाकी आणि मधे एक मोटर. दुपारी नळाचं पाणी हौदात यायचं आणि ते मोटर लावून टाकीत चढवायचं, एवढंच काम. दर आठवड्याला एकेका घराची पाळी. पण ज्याची पाळी, तो नेमका मालेगावला साडूच्या घरी! नाहीतर मोटर चालू करून मस्त घोरत पडलेला. कधी टाकी कोरडी, कधी जिन्यात धबधबा. भांडणं तर अशी, की भाजीवाली आमच्या फाटकाशी आली की आधी कानोसा घ्यायची.

मी ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला. विमानाच्या वायरी तपासणाऱ्या माणसाला एक मोटर सांभाळता येऊ नये? शहाऐंशीच्या दिवाळीत मी मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवरून थेट कॉम्प्युटर घेऊन आलो!

कॉम्प्युटर म्हटल्यावर सगळी इमारत बघायला आली. त्यांना वाटलं, टीव्हीसारखं काहीतरी असेल. माझ्या हातात पोळपाटाएवढी एक हिरवी पट्टी. तिच्यावर काळे चौकोनी किडे चिकटवल्यासारख्या चिपा, अठ्ठावीस बटणं आणि लाल उजेडाचे सहा आकडे.

"एवढाच?" तळमजल्यावरचे कारभारीआण्णा म्हणाले. आण्णा म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण ठराव लिहिण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. "याला डबा नाही का, झाकण नाही का?"

"आण्णा, मेंदूला डबा लागत नाही!" मी म्हणालो.

सभा भरली. मी समजावून सांगितलं: रोज दुपारी दोनला यंत्र स्वतः मोटर चालू करणार, दोन चाळीसला स्वतः बंद करणार. पाळी नको, भांडण नको. फक्त मोटरच्या स्विचला कुणी हात लावायचा नाही, कारण हौशी माणसांनी मधेच खाटखूट केली की यंत्राचा हिशेब बिघडतो.

"आणि टाकी वाहिली तर?" आण्णा.

"एक थेंब जरी वाहिला, तर हे यंत्र मी माझ्या हाताने उतरवीन!" मी छातीवर हात मारला. "पुन्हा लावू द्या म्हणून तोंड उघडणार नाही!"

आण्णांनी तेही रजिस्टरात लिहिलं. स्विचला हात न लावण्याचा ठराव झाला आणि तो आण्णांच्या सहीनिशी मोटरच्या शेजारी भिंतीवर डकवला गेला.

आता यंत्रात एक बारीकशी अडचण होती. अडचण, दोष नव्हे! वीज गेली की ते सगळं विसरायचं. मग मोटर कधी लावायची, कधी थांबवायची, हे त्याला पुन्हा बटणं दाबून शिकवावं लागे. आकड्या-अक्षरांच्या शहाण्णव जोड्या! तीन-ई, शून्य-एक, डी-तीन, अशा. जाणकार म्हणतील, कायमची आठवण ठेवणारी चिप का नाही बसवली? अहो, ती चिप भरून आणायला मुंबईची दुसरी फेरी हवी आणि साहेब रजा देईना. तुम्ही देणार होता रजा?

त्यामुळे वीज गेली की माझी बायको चांगुणा वहीतून एकेक जोडी वाचायची आणि मी दाबायचो. आणि आमच्याकडे वीज आठवड्यातून चारदा जायची. मी कामावर असलो की चांगुणा शाळेत शिकवायला जाण्याआधी एकटीच सगळं भरून जायची.

माझी आई, नवसाबाई, तेव्हा नुकतीच गावाहून राहायला आली होती. अक्षरओळख नाही. इमारतीतल्या बायकांशी बोलायला गेली, तर तिच्या "लय" आणि "नाय"वर बायका तोंडाला पदर लावायच्या. मग ती बोलेनाशीच झाली. दिवसभर खिडकीत बसून शेंगा फोडायची. मला ते बघवत नव्हतं, पण काय करावं हेही सुचत नव्हतं.

एके दिवशी चांगुणा वाचतेय, मी दाबतोय, आणि मागून आईचा आवाज आला.

"गोरख्या, डी तीन ऱ्हायलं."

मी वही बघितली. खरंच राहिलं होतं!

"आई, तुला कसं कळलं?"

"रोज कानावं पडतंय की! पुढं दोन शून्य, मंग शी तीन." आणि ती शेंगा फोडता फोडता सगळ्या शहाण्णव जोड्या म्हणून मोकळी झाली! जात्यावरच्या चालीत! "तीन ई गं बाई, शून्य एक... डी तीन गं बाई, शून्य एक..."

ही बातमी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली. पाठोपाठ शकुबाई खाली आल्या. शकुबाई म्हणजे आमच्या बायकांच्या पुढारी. हसण्यात पहिला पदर त्यांचाच असायचा. त्यांनी आईकडून सगळं दोनदा म्हणवून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मला मॅट्रिकला सतराचा पाढा आला नाही! आणि ह्या बघा!"

त्या दिवसापासून आई म्हणजे 'कॉम्प्युटरवाल्या नवसाबाई'! वीज गेली की बायका आमच्याकडे जमायच्या. आई मधे मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि सुरू करायची. चांगुणा नाहीतर मी बटणं दाबायचो. वही कपाटात गेली. आईच्या "लय"ला कुणी हसेना, उलट दोन-तीन बायका स्वतःच "लय" म्हणू लागल्या. आई रंगात आली. खरं सांगतो, यंत्राने मोटर चालवली याच्यापेक्षा मला याचा आनंद मोठा होता.

पाच महिने एक थेंब वाहिला नाही. मी जिन्यातून असा चढायचो, की आण्णांनी दार लावून घ्यावं!

मग चैत्र उजाडला. गच्चीभर कुरडया! सात घरांच्या, गव्हाच्या चिकाच्या, पांढऱ्याशुभ्र. लुगड्यांवर, चादरींवर, बाजेवर, पाय ठेवायला जागा नाही. वर्षभराची बेगमी, आणि तीन दिवस खपून बायकांच्या कंबरा त्यात गेलेल्या.

त्या दिवशी मी ओझरला. चांगुणा शाळेत. एक वाजता वीज गेली आणि पावणेदोनला आली. दोनला मोटर लागायची होती आणि यंत्र कोरं!

"आता वं?" आई म्हणाली.

"आता काय? तुम्ही सांगा, मी दाबते!" शकुबाईंनी बाह्या सरसावल्या. "ए, बी, सी, डी मला येतं!"

गच्चीवर कावळे हाकायला बसलेल्या बायकाही हा सोहळा बघायला खाली आल्या. आईने म्हटलं, शकुबाईंनी दाबलं. एकदाही अडखळल्या नाहीत. दोनच्या ठोक्याला मोटर घुर्रर्र! टाळ्या पडल्या. आईने सगळ्यांना चहा केला आणि शकुबाईंना साखर जास्त घातली.

दोन चाळीस झाले. मोटर घुर्रर्र. तीन वाजले. घुर्रर्र! आणि ज्या नळाला एरवी करंगळीएवढी धार, त्या नळाला त्या दिवशी मांडीएवढं पाणी! हौद रिकामा होईल तर शपथ.

सव्वातीनला कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, कुरडया!"

बायका गच्चीवर धावल्या. टाकी चारही अंगांनी वाहत होती. कुरडयांची खीर झाली होती आणि ती पन्हाळीतून खाली आण्णांच्या सायकलवर पडत होती. आण्णा धोतर सावरत मोटरपाशी धावले, स्विचकडे हात नेला आणि थबकले.

समोर भिंतीवर त्यांचीच सही!

"आण्णा, बंद करा ना!" शकुबाई किंचाळल्या.

"कसं करू? ठराव आहे!"

"मोडा तो ठराव!"

"मोडायला सभा लागते! सात सभासद लागतात!"

माझ्या सोसायटीत माणसं नियमाने वागतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुरुष बहुतेक कामावर. चार सभासद गोळा झाले. पाचवे बाजारातून रिक्षाने आणले. सहावे अंघोळीला बसलेले, ते टॉवेलवर आले. सातवा मी! पाचच्या बसने मी फाटकात उतरलो, तेव्हा जिन्यावरून पाणी येत होतं, त्यात एक कुरडई तरंगत होती आणि घोटाभर पाण्यात उभे राहून आण्णा रजिस्टर डोक्यावर धरून म्हणत होते, "आले! सात झाले! सभा सुरू!"

मी जाऊन स्विच पाडला.

"ठरावाआधीच?" आण्णा म्हणाले.

सहा वाजता गच्चीवर चौकशीची सभा ठरली. मी तावातावाने घरात शिरलो. यंत्र कधी चुकत नाही! त्याच्या पोटात काय भरलंय, ते एकेक बटण दाबून उलगडता येतं. मी पहिल्या जोडीपासून तपासत गेलो. पंच्याण्णव जोड्या चोख. शहाण्णवावी बघितली आणि मी उडीच मारली! शून्य-एक म्हणजे मोटर चालू, शून्य-शून्य म्हणजे बंद. शेवटी हवं होतं शून्य-शून्य. तिथे होतं शून्य-एक! म्हणजे बंद करायची वेळ आली तेव्हा यंत्राने इमानेइतबारे मोटर पुन्हा चालूच केली. सुटलं! माझं यंत्र निर्दोष सुटलं!

"आई, शेवटी शून्य-शून्य सांगितलंस ना?"

"नाय. शून्य एक."

"अगं, का?"

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, की वेडा मीच. "आज पहिल्यांदा आम्ही बायांनी केलं. शुभाचं काम शून्यावं थांबवायचं व्हय रं? आहेर करताना शंभर देतो का? वर एक ठेवतोच ना! शून्यावं संपलं म्हंजी खुंटलं. म्हून म्या एक वाढीव घातला. शकुबाई बी म्हनल्या, बरोबर हाय."

माझ्या लग्नात तिने स्वतःच्या हाताने प्रत्येक पाकिटात तो एक रुपया घातलेला मी पाहिला होता.

सहा वाजले. मी वीज तुटू न देता यंत्राला लांब वायर जोडली आणि ते तसंच काखोटीला मारून गच्चीवर गेलो. पुरावा माझ्या हातात! आण्णा रजिस्टर उघडून बसलेले. पुढे बायका, कुरडयांच्या लगद्याकडे बघत. आणि त्यांच्या मधोमध आई. धुतलेलं लुगडं नेसून आली होती, शकुबाईंनी तिला सरकून जागा दिली होती. पाच महिन्यांपूर्वी या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या.

"गोरक्ष," आण्णा म्हणाले, "चूक कुणाची?"

मी बटण दाबलं असतं, तर ते लाल आकडे सगळ्यांना दिसले असते. सगळ्यांना! यंत्र राहिलं असतं, माझी मान ताठ राहिली असती, आण्णांची जिरली असती. मी आईकडे पाहिलं. ती चौकशीला नव्हे, सत्काराला आल्यासारखी बसली होती.

"प्रोग्राममध्येच चूक होती," मी म्हणालो. "माझी."

"लिहून घेतो," आण्णांनी टाक बुडवावा तशी पेनाची टोपी काढली. "यंत्र उतरवणार?"

"उतरवतो."

मला वाटलं, आता तरी बायका बोलतील. मला चार शिव्या देतील, मी त्या निमूट खाईन आणि प्रकरण मिटेल. पण आई उठून उभी राहिली.

"आता पोरगा खरं बोलला म्हून सांगते," ती म्हणाली. "त्याच्या यंत्रात खोट हाय हे मला ठावंच व्हतं! म्हून तर म्या शेवटी शुभाचा एक घातला. नुस्त्या कुरडयाच गेल्या. त्याच्या म्हनन्यापरमानं शून्यावं संपवलं असतं, तर आज ही बिल्डिंग नसती!"

"आणि तो एक मी दाबला!" शकुबाईंनी बोट वर केलं. "या बोटाने!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आण्णांनी दोघींच्या आभाराचा ठराव मांडला. अनुमोदन कुणी द्यायचं म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. दिलं!

पण यंत्राची चूक नव्हती! हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. फक्त जरा हळू बोलू, आई आत निजली आहे.