सायाव पार्कात हरवलेला एंतेंग

बायकोला खूश कसं ठेवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने सान पाब्लोला माझ्या दुकानात यावं. मी पंखे दुरुस्त करतो, त्यामुळे वारा कुठून कुठे वाहतो हे मला अचूक कळतं! निदान माझ्या बायकोच्या, लुदिंगच्या, वाढदिवसाच्या सकाळपर्यंत तरी माझा असाच समज होता.

बेत सगळा माझा. तिला घेऊन सायाव पार्कात जायचं. दोघांनीच!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आहे, बरंच आहे! आम्हाला मूलबाळ नाही. भाचे-पुतणे मात्र पोत्याने आहेत, आणि त्यातलं एकेक आम्ही पार्क दाखवून आणलेलं आहे. म्हणजे कसं, की पोरं वर पाळण्यात आणि आम्ही खाली. लुदिंगच्या हातात चपलांचे ढीग, माझ्या गळ्यात सगळ्यांच्या पिशव्या. मेळ्यातला उंटच जणू! लग्न होऊन पंचविशी उलटली, पण त्या पार्काची आम्ही फक्त खालची बाजू पाहिलेली.

एका रविवारी माझ्या थोरल्या बहिणीकडे, आते रेमीकडे (आमच्याकडे ताईला आते म्हणतात), सगळे जेवायला जमलो होतो. लुदिंग सहज बोलून गेली, "मला एकदा त्या साखळीच्या पाळण्यात बसायचंय."

आते रेमीचा भाताचा डाव हवेतच थांबला. "कुणाला घेऊन?"

"कुणाला नाही. मलाच बसायचंय."

"अगं, पदरी पोर नसताना पार्कात जायचं म्हणजे तोंडात दात नसताना ऊस विकत घेण्यासारखं! लोक हसतील ना!"

लोकांची वाट कशाला बघायची? तिथे बसलेले सगळेच हसले. लुदिंगही हसली. आणि मीही हसलो. ते हसू अजून मला टोचतं.

म्हणून हा गुपचूप बेत. वार निवडला शाळेचा, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. सगळ्यांना सांगितलं, कालांबाला पंख्याच्या मोटरी आणायला चाललोय. लुदिंगने केळीच्या पानातला गोड भात बांधून घेतला आणि आम्ही एखाद्या पळून चाललेल्या जोडप्यासारखे बसमध्ये चढलो.

काय सांगू तुम्हाला! साखळीचा पाळणा फिरायला लागला आणि मी दोन्ही हातांनी साखळी आवळली. पण लुदिंग! चारचौघांत कधी आवाज न चढवणारी ही बाई अशी किंचाळली, की खालच्या झाडावरचे पक्षी गाव सोडून गेले असतील. केस सुटलेले, पाय हवेत, एक चप्पल कुणाच्या तरी नूडल्समध्ये पडलेली!

"परत!" ती उतरल्याउतरल्या म्हणाली.

"अगं, मला गरगरतंय."

"मग डोळे मिट! परत!"

परत बसलो. पुन्हा परत बसलो. मग ती बुढ्ढीके बाल आणायला गेली आणि मी लाकडी घोड्यांपाशी खांब धरून उभा राहिलो. डोक्यावर वाढदिवसाचे कागदी सशाचे कान. हौस तिची, कान माझे!

"सांतिंग?"

मी वळलो. समोर आते रेमी! काखेत नातू आणि मागे चर्चचं अख्खं गायनमंडळ. पाद्रीबाबांनी खूश होऊन नेमकी त्याच दिवशी त्यांची सहल काढलेली!

"तू तर मोटरी आणायला गेला होतास ना?" तिची नजर माझ्या कानांवर. म्हणजे सशाच्या. "आणि हे काय?"

इथे फक्त एवढंच म्हणायचं होतं: 'आम्ही दोघंच आलोय, मजा करायला.' पण गायनमंडळातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या जिभेने परस्पर निर्णय घेतला.

"एका पोराला घेऊन आलोय."

"कुणाच्या?"

"शेजाऱ्यांच्या. नवीन आलेत राहायला."

"मग कुठे आहे तो?"

मी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि जगातलं सगळ्यात भयंकर वाक्य बोललो.

"आत्ता तर इथेच होता!"

आते रेमीला चर्चमध्ये माइक लागत नाही. तिने छाती भरून घेतली. "पोर हरवलं हो! लोकांचं पोर हरवलं!"

"आते, थांब, असेल इथेच कुठेतरी…"

"काय थांब? तुला काय कळतंय? स्वतःचं असतं म्हणजे कळलं असतं!" आणि तिने पार्कच्या रखवालदाराला दंडाला धरून ओढत आणलं.

तेवढ्यात दोन हातांत दोन गुलाबी ढग घेऊन लुदिंग आली. मी एक डोळा मारला. मग दुसरा. मग दोन्ही एकदम!

"मॅडम," रखवालदार म्हणाला, "घाबरू नका. तुमच्याबरोबरचा मुलगा कसा दिसतो तेवढं सांगा."

लुदिंगने माझ्याकडे बघितलं. आतेकडे बघितलं. बायांकडे बघितलं. तिला सगळं कळलं. आता ती 'कसला मुलगा?' म्हणणार आणि माझी धिंड निघणार, म्हणून मी डोळे मिटले.

"पिवळा शर्ट आहे," लुदिंग म्हणाली. "सात वर्षांचा. वयाच्या मानाने बुटका. पुढचा एक दात पडलाय, म्हणून हसताना तोंडावर हात धरतो."

"नाव?"

"विसेंते. पण एंतेंगच म्हणा. आणि हे बघा, मोठ्याने हाका मारू नका. तो घाबरतो. ढग गडगडले तरी खाटेखाली जाऊन बसतो. हळू बोलावलं की येतो."

वा! काय अभिनय! मी मनात टाळ्या वाजवल्या. मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ते दोन्ही गुलाबी ढग थरथरत होते. अभिनयात आवाज हलतो. तिचा आवाज अगदी स्थिर होता, हात हलत होते.

माझ्या टाळ्या मनातच थांबल्या.

पुढे जे झालं ते सायाव पार्कात कधी झालं नसेल. कर्ण्यातून कानठळ्या बसतील अशी घोषणा झाली: "पिवळ्या शर्टातला एंतेंग हरवला आहे! कृपया मोठ्याने ओरडू नये!" पाळणे थांबले. गाणी बंद. फाटक बंद. आणि सगळं पार्क चवड्यांवर चालायला लागलं! बाप्ये बाकांखाली वाकून कुजबुजतायत, "एंतेंग… एंतेंग…" म्हशीचा पोशाख घातलेला पार्कातला विदूषक, एवढं धूड, तोसुद्धा पाय न वाजवता झुडपांत शिंगं खुपसतोय! उंच चक्रात वर अडकलेले लोक खाली बघून खाणाखुणा करतायत, कारण वरून कुजबुजलेलं खाली ऐकू येईना. गायनमंडळाने गुडघे टेकून जपमाळ धरली, तीही फक्त ओठ हलवून.

शाळेचा वार असूनही पिवळ्या शर्टातली पोरं मात्र धडाधड यायला लागली. एकाचे दात पूर्ण. एक मुलगी निघाली. एकाच्या मागे त्याची आई छत्री उगारून पळत आली, "माझा आहे तो, माझा!" दर वेळी रखवालदार विचारायचा, "हा?" आणि लुदिंग खरोखर निरखून बघायची आणि मान हलवायची.

आते रेमी तिच्या शेजारी येऊन बसली. डोळे लाल. "लुदिंग, माझी जीभ झडो. त्या दिवशी मी ऊस-बीस काय वाट्टेल ते बोलले. देवा, पोर सापडू दे, मी हिला पुन्हा एका शब्दाने दुखावणार नाही."

"आते, तो सापडणार नाही," लुदिंग म्हणाली.

"असं अभद्र बोलू नये गं!"

मला आता तिथून पळावंसं वाटत होतं, पण फाटक बंद होतं. माझ्याचमुळे.

शेवटी मॅनेजरने आम्हाला तिघांना कचेरीत नेलं. "सर, पोलिसांना कळवायला हवं. मुलाच्या आईवडिलांचा नंबर द्या."

मी डोक्यावरचे कान काढले. "साहेब, मुलगा नाहीये."

"माहीत आहे. म्हणून तर शोधतोय."

"तसं नाही. म्हणजे… नाहीच. कधी नव्हताच."

आते रेमीने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून आवाज आला नाही.

मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. "मग बाहेर एवढे लोक रांगतायत, त्यांना मी काय सांगू?"

मग लुदिंग म्हणाली, "सांगा, सापडला म्हणून."

आणि कर्ण्याने सांगितलं, "एंतेंग सापडला आहे! तो आईपाशी सुखरूप आहे!"

तासभर दाबून धरलेला आवाज एकदम फुटला! टाळ्या, शिट्ट्या, ढोल! खिडकीतून दिसलं, म्हशीने स्वतःचं मुंडकं काढलं होतं आणि आतला घामेजलेला माणूस डोळे पुसत होता. लुदिंग खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. शेवटची टाळी विरेपर्यंत ऐकत राहिली. मग उठली. "चला."

लोकांना मुलगा बघायचा होता, म्हणून आम्हाला मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांमधून बाहेर काढलं. बसमध्ये मी धीर करून विचारलं, "एंतेंग कोण गं?"

"कोण नाही. सुचला."

"आणि दात?"

"सात वर्षांच्या पोराचे दात पडतातच ना," ती म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी शेजारीच होतो, पण मला तिकडे जागा नव्हती.

आते रेमीने त्यानंतर तो विषय काढला नाही, देवाला दिलेला शब्द पाळला. मीच मनात रोज काढायचो. पुन्हा जायचं म्हणायचो, पण उन्हाळ्यात पंख्यांची गर्दी, पावसात रस्ते बंद. खरं कारण म्हणजे लाज. अशी दोनेक वर्षं गेली. मग एका सकाळी मीच दुकानाचं शटर खाली ओढलं.

"आणि कुणी विचारलं तर?" लुदिंगने विचारलं.

"छाती ठोकून सांगेन!"

बसमध्ये मी भाषण पाठ केलं. उतरल्यावर तिचा हात धरला आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसासमोर जाऊन खणखणीत आवाजात म्हणालो, "आम्ही दोघंच आहोत! मूल नाही! आमच्याच मजेसाठी आलोय, आणि आम्हाला त्याची अजिबात लाज वाटत नाही!"

त्याने शेंगदाणे चावत शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"अंकल, पार्क पावसाळ्याआधीच बंद झालं. पाळणे भंगारात गेले. इथे आता सिमेंटचं गोदाम होतंय."

लुदिंग फाटकाच्या फटीतून आत बघत होती. मी तिथेच, छाती पुढे काढलेली, ती मागे कशी घ्यावी कळत नाहीये.

आयुष्यात एकदा खरं बोलायचं धाडस केलं, तेही अशा माणसासमोर, ज्याने मला काही विचारलंच नव्हतं!