कडा साफ

बिरादार मॅडम सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीशी भांडतात. अगदी तावातावानं, उदगीरच्या बोलीत. "लपून ऱ्हायलीस व्हय? दिसलीस बघ!" प्रयोगशाळेत नवीन आलेला माणूस दचकतो. मी त्यांचा तंत्रज्ञ, मला सवय झालीय. पण संशयास्पद पेशी सापडली की मॅडम गप्प होतात, आणि मग आम्हीही जागच्या जागी थांबतो.

नांदेडच्या आमच्या रुग्णालयात एचआयव्हीची औषधं न्यायला येणाऱ्या बायकांमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्यांचं संशोधन चालू होतं. या बायकांना तो लवकर गाठतो, म्हणून काही त्रास नसतानाच तपासायचं, हे मॅडमचं म्हणणं. बायका येणारच नाहीत, असं विभागप्रमुख म्हणत. मग मॅडम स्वतः औषधाच्या रांगेत जाऊन बसू लागल्या. गुडघेदुखीपासून सुनेपर्यंत सगळं ऐकून घेत आणि शेवटी हळूच तपासणीचं काढत. बायका येऊ लागल्या. कुणी "पॉझिटिव्ह बाई" असं म्हणालं, की शिक्षा म्हणून त्याला त्या दिवसाच्या काचपट्ट्यांची सगळी लेबलं हातानं लिहावी लागत. मी दोनदा लिहिलीत.

त्यातच एक गंगाबाई. नाव बदलून सांगतो. मुखेडच्या बाजारात बांगड्या विकायची. तिच्या काचपट्टीवर मॅडम गप्प झाल्या. कर्करोग अजून झाला नव्हता, पण व्हायच्या बेतात होता. खराब भाग लगेच काढायला हवा होता. दिलेल्या तारखेला मात्र गंगाबाई आलीच नाही. फोनही बंद.

बाजाराचा वार बघून मॅडमनी मला सोबत घेतलं आणि एसटीनं मुखेड गाठलं. चारचौघांत आजाराचं नाव काढणं शक्यच नव्हतं. मॅडम गिऱ्हाईक होऊन तिच्यासमोर बसल्या. एरवी हातात घड्याळही न घालणाऱ्या बाईंनी डझनभर बांगड्या भरल्या, तरी गंगाबाई मान वर करीना. दुसरा हातही भरत आला, तेव्हा ती पुटपुटली, "ऑपरेशन केलं की समद्यांना कळंल. मंग मह्या हातून बांगड्या कोन भरून घेईल?"

"मी घेऊनच ऱ्हायले की," मॅडम हळूच म्हणाल्या. "कुणाला कळणार न्हाई. सकाळी ये, सांजच्याला घरी जा. पण न्हाई आलीस तर मला पुन्हा यावं लागंल, आन् हातात आता जागा न्हाई."

गंगाबाईला हसू आलं. पुढच्याच सोमवारी ती आली.

काढलेला तुकडा तपासायला आमच्याकडं आला. मॅडमनी तो तीनदा पाहिला. तुकड्याच्या कडा साफ होत्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. "कडा साफ" एवढंच म्हणत त्या सगळा मजला फिरून आल्या. पुढं त्यांचा शोधनिबंध स्वीकारला गेला. लातूरच्या परिषदेत पडद्यावरच्या पेशींना त्या नेहमीसारख्याच रागावल्या, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. रांगेतल्या प्रत्येक बाईला ही तपासणी सुचवावी, असा कागद विभागप्रमुखांनीच सही करून भिंतीवर लावला.

वर्षभरानं गंगाबाईची फेरतपासणीही चांगली आली. तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. आमची दोन ताटं वाढून ती लांब जाऊन बसली. एचआयव्हीचं घरात कळल्यापासून, म्हणजे ऑपरेशनच्याही आधीपासून, सासरच्यांनी तिच्या हातचं पाणी सोडलं होतं. मॅडम आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली.

"तू बी जेव," त्या म्हणाल्या. "घरी मी एकटीच जेवते. सवय हाय, पण आवडत न्हाई."

डब्यातली अर्धी पोळी रोज तशीच परत नेणाऱ्या मॅडमनी त्या दिवशी तिसरी भाकरी मागून घेतली.