डाग नसलेलं आकाश

सकाळी साडेनऊला निवृत्त पोस्टमास्तर जेवणाच्या टेबलावरून असे काही ओरडले, की स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं झाकणच पडलं.

"अगं ए, सगळं सोड आणि आधी इकडे ये! या दोन फोटोंतले ठिपके मोज."

"किती आहेत?"

"मी सांगणार नाही. साक्षीदाराला आधी उत्तर सांगायचं नसतं."

बायकोने पदराला हात पुसले, भिंग घेतलं आणि मोजलं. जुन्या फोटोत सहा, नव्यात सात. पोस्टमास्तर मटकन खुर्चीत बसले.

चौदा वर्षं हा माणूस गच्चीवरच्या दुर्बिणीतून त्याच त्या साठ दीर्घिकांचे फोटो काढत होता. मरता मरता एखादा तारा असा काही भडकतो, की जिथे काल काहीच नव्हतं तिथे आज ठिपका दिसतो. असा ठिपका जो सगळ्यांत आधी कळवेल, त्याचं नाव कायमचं नोंदलं जातं. पोस्टमास्तरांना तेवढंच हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाची पाकिटं पोचवली, एकदा तरी आपलं नाव कुठेतरी पोचावं!

पडद्यावर बघून तुलना करणं त्यांना पटत नसे. मेहुण्याचा फोटो स्टुडिओ होता, तिथे कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं व्हायचं आणि सगळे फोटो कागदावर छापून यायचे. या आठवड्यात मात्र मेहुणा लग्नाचे फोटो काढायला परगावी गेला होता, म्हणून नवा फोटो शेजाऱ्यांकडे छापला होता.

"पण दुसऱ्या रात्री परत फोटो काढून खात्री करायची, असा नियम आहे ना तुमचा?" बायकोने विचारलं.

"आभाळ बघितलंस का? दोन दिवस हे ढग हलत नाहीत. तोवर दुसऱ्या कुणी कळवलं म्हणजे?"

त्यांनी वेधशाळेला कळवलं. तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण त्यांनी बहिणीला कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं आणि जुन्या पोस्टातल्या सगळ्यांना कळवलं. अकरा वाजता घरात सात माणसं चहा पीत बसली होती आणि पोस्टातला बडा बाबू फुलांचा गुच्छ घेऊन आला होता. पोस्टमास्तरांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

वेधशाळेतल्या बाईंचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून पोस्टमास्तरांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"काका, तो तारा तिथे आहेच हो. साठ वर्षांपूर्वीच्या नकाशातसुद्धा आहे. अगदी साधा तारा आहे."

"मग माझ्या जुन्या फोटोत का नाही?"

"ते आता तुम्हीच सांगा."

बड्या बाबूने गुच्छ हळूच खुर्चीमागे सरकवला. तेवढ्यात मेहुणा परगावाहून थेट बॅगेसकट दारात उभा राहिला. काय झालं ते ऐकून त्याने जुना फोटो खिडकीशी नेला.

"हा होय! अहो दाजी, हा मी पुसला."

"पुसलास म्हणजे?"

"एवढा सुंदर फोटो आणि कडेला हा ठिपका, पुटकुळीसारखा! गिऱ्हाइकाच्या गालावरचं मी काही ठेवत नाही, मग घरच्या माणसाच्या फोटोत ठेवीन का? जो जो उठून दिसला तो तो पुसला. चौदा वर्षं, तुम्ही न सांगता!"

पोस्टमास्तरांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. म्हणजे एखादा तारा खरोखर भडकला असता, तरी तो भिंगाखाली येण्याआधीच साफ झाला असता.

"मूळ फोटो ठेवलेस का रे?" बायकोने विचारलं.

"आहेत की, ताई. एका नवरीने पुसलेला तीळ परत मागितला होता, तेव्हापासून काही टाकत नाही."

पाहुणे पांगले. तिघं स्टुडिओत जाऊन मूळ फोटो बघत बसली. दुपारी चारला बायकोने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. फोटो नऊ वर्षांपूर्वीचा होता. वेधशाळेच्या यादीप्रमाणे तिथे तारा भडकल्याचं जगाला त्यानंतर सहा दिवसांनी कळलं होतं, आणि नोंद भलत्याच माणसाच्या नावावर होती. पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले.

मेहुण्याने तो फोटो लगेच वेधशाळेला पाठवला. बाई हरखूनच गेल्या. "काका, शोध आता तुमच्या नावावर नाही करता येणार. पण हा सगळ्यांत आधीचा फोटो! त्याची वेगळी नोंद होते, नावासकट."

महिन्याभराने नोंदीचा कागद आला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून तो वाचला आणि मेहुण्यापुढे धरला. सर्वांत आधीचं छायाचित्र घेणाऱ्याच्या जागी मेहुण्याच्या स्टुडिओचं नाव होतं. त्याच्याकडे साठवलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ते आपोआप उमटायचं.

मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिथल्या तिथे बाईंना फोन लावला.

"कोपऱ्यातल्या नावाशिवाय फोटो पाठवा," बाई म्हणाल्या, "लगेच बदलून देते."

"ऐकलंस ना?" पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले. "तेवढं पुसून दे आता."

मेहुणा तासभर कॉम्प्युटरशी झटत राहिला; नाव पुसून फोटो साठवला, की ते कोपऱ्यात पुन्हा उमटायचं. मग मान खाली घालून म्हणाला, "दाजी, बाकी काहीही सांगा. एवढंच तेवढं पुसलं जात नाही हो."